तिसरी बॅटरी घेण्याआधी : गंजलेल्या टर्मिनलचं एक प्रकरण

गाडी दहा वर्षांची, जपानी घडणीची छोटी पेट्रोल हॅचबॅक. मालक गुहागरकडचे सुपारीचे बागायतदार. सकाळी सेल्फ मारला की ‘टक्’ असा एकच आवाज यायचा आणि इंजिन फिरायचं नाही. दोनचारदा किल्ली फिरवल्यावर कधी फिरायचं, कधी गाडी ढकलावी लागायची. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. चिपळूणला माझ्याकडे गाडी आणली तेव्हा काकांनी नव्या बॅटरीचा भाव आधीच विचारून ठेवला होता. घेतली असती तर चार वर्षांतली ती तिसरी.

पावसाळा सरला की कोकणात अशा गाड्या एकामागून एक येतात. त्यातल्या कितीतरी गाड्यांची बॅटरी बदलली जाते, पण बॅटरीचा करंट ज्या केबलमधून जातो तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. नवी बॅटरी ताजी असते, जोर जास्त लावते, त्यामुळे काही महिने सगळं ठीक वाटतं आणि निदान बरोबर होतं असा सगळ्यांचा समज होतो. म्हणून हे प्रकरण मोजमापांसकट लिहितोय.

आधी काय काय झालं होतं

कंपनीतून आलेली बॅटरी सहा वर्षं चालली. ती संपली तेव्हा जवळच्या दुकानात या मापाची बॅटरी नव्हती, म्हणून दुसरी बसवली गेली. आपल्याकडे छोट्या गाड्यांत दोन प्रकारचे पोस्ट, म्हणजे बॅटरीवरचे शिशाचे खुंट, येतात. जपानी मापाचा बारीक पोस्ट पॉझिटिव्हला सुमारे १४.७ मिलिमीटर आणि निगेटिव्हला १३ मिलिमीटर असतो. जाड प्रकारात हेच आकडे सुमारे १९.५ आणि १७.९ आहेत. या गाडीचे क्लॅम्प, म्हणजे पोस्टवर आवळायच्या केबलच्या कड्या, बारीक मापाचे. त्यात जाड पोस्ट बसेना, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर घालून, वर हातोडी मारून क्लॅम्प फाकवले गेले.

ती बॅटरी दोन वर्षं टिकली. पुढची मात्र बरोबर बारीक पोस्टची मिळाली, पण क्लॅम्प आता मोठे झालेले. ते पोस्टवर हलायला लागले, म्हणून फटीत पत्र्याचा तुकडा आणि जोडीला अर्धा खिळा ठोकला गेला. हा खिळा मी इतक्या गाड्यांत पाहिलाय की बॉनेट उघडल्यावर नजर आपोआप तिकडे जाते. मधल्या काळात एका गॅरेजमध्ये स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, उतरवून आतले ब्रश आणि बुश बदलून झाले होते. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

चिपळुणात आम्ही अशा तक्रारीला एक प्रश्न हमखास विचारतो : गाडी पाण्यात होती का? २२ जुलै २०२१ च्या पुरात इथल्या शेकडो गाड्या बुडाल्या. पुराचं पाणी एकदा केबलच्या आवरणात शिरलं की आतली तार पुढं कित्येक महिने खराब होत राहते. ही गाडी तेव्हा गुहागरला होती, कधी पाण्यात गेली नव्हती. म्हणजे जे काही होतं ते बॅटरीपासूनच सुरू झालेलं.

बॉनेट उघडल्यावर

पॉझिटिव्ह क्लॅम्प दिसतच नव्हता. त्याच्यावर निळसर हिरव्या पावडरीचा लिंबाएवढा गोळा जमला होता, कडेला पांढरी साय. निगेटिव्हवर थोडासा पांढरा थर. बॅटरी खाली धरून ठेवणारी पट्टी आणि तिचे हूक गायब, त्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. ट्रेचा रंग उडून पत्रा सोलवटला होता.

काका वाकून बघत म्हणाले, “भाऊ, हे मोरचूद वाटतंय.”

“मोरचूदच आहे काका. तुम्ही फवारणीला आणता तेच.”

सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्या माणसाला हा रंग वेगळा सांगावा लागत नाही. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे त्यांचं दर पावसाळ्याचं काम. बॅटरीत सौम्य सल्फ्युरिक ॲसिड असतं. चार्जिंग चालू असताना आतलं पाणी थोडंथोडं फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, त्यांच्याबरोबर ॲसिडचे अगदी बारीक थेंब येतात. ते झाकणांच्या भोकांतून येतात, तसेच पोस्ट आणि प्लॅस्टिक यांच्या सांध्यातूनही येतात. ॲसिड शिशाला लागलं की पांढरं लेड सल्फेट होतं. हवेच्या सोबतीनं तांब्याला लागलं की निळं कॉपर सल्फेट, म्हणजेच मोरचूद.

यातून एक गोष्ट लगेच कळते. नुसती पांढरी पावडर असेल तर ॲसिड अजून पोस्ट आणि क्लॅम्पच्या शिशाशी खेळतंय. निळं दिसलं की ते तांब्यापर्यंत पोचलंय, आणि बॅटरीवर तांबं दोनच ठिकाणी असतं : पितळी क्लॅम्पमध्ये आणि केबलमध्ये. या गाडीचा क्लॅम्प शिशाचा होता.

माझ्याकडे काम शिकणारा मुलगा तोवर गरम पाण्याचा मग घेऊन आला होता. त्याला थांबवलं. साफसफाई आधी केली की पुरावा धुऊन जातो. क्लॅम्प जरा हलला, कुठंतरी शिसं शिशाला टेकलं की गाडी चालू होते, आणि दोष नेमका कुठं होता हे कायमचं अंधारात राहतं. या गाडीत आधीच्या प्रत्येक दुरुस्तीत हेच झालं होतं. कोणीतरी पान्यानं टर्मिनलवर दोन ठोके दिले, गाडी चालू झाली, मालक खूश. म्हणून आधी मोजमाप, मग ब्रश.

मोजमाप

गाडी रात्रभर उभी होती. बॅटरीच्या पोस्टवर १२.३ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, म्हणजे ही निम्म्याच्या जरा वर होती. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला तर सहाही सेलमध्ये १.२१० च्या आसपास. सगळे सेल सारखे, ही चांगली खूण. एक सेल मेलेला असता तर तो वेगळा पडला असता. बॅटरी खराब नव्हती, अर्धपोटी होती.

मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन चालू होणार नाही. मुलानं चारपाच सेकंद सेल्फ मारायचा, मी मीटर बघायचा, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्यायचं. पहिल्या खेपेला ‘टक्’ झालं, दुसऱ्या खेपेला इंजिन कण्हत फिरलं. फिरत असताना बॅटरीच्या पोस्टवर १०.३ व्होल्ट होते आणि स्टार्टरवर ७.८. अडीच व्होल्ट वाटेत गायब.

कुठं गेले ते शोधायची रीत साधी आहे आणि घरच्या स्वस्त मल्टिमीटरनंही जमते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, आणि सेल्फ मारायचा. जोड निर्दोष असेल तर मीटर जवळजवळ शून्यावर राहतो. मीटर जेवढा चढेल तेवढं त्या जोडानं खाल्लं. फक्त एक लक्षात ठेवायचं : बॅटरीकडचं टोक शिशाच्या पोस्टच्या मधोमध रुतवायचं, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पवर टेकवलं की सगळ्यांत संशयित जोडच मोजणीतून निसटतो.

पॉझिटिव्ह बाजूला पोस्ट ते क्लॅम्प ०.८ व्होल्ट. क्लॅम्प ते स्टार्टरचा बोल्ट, म्हणजे नुसती केबल, १.१ व्होल्ट. निगेटिव्ह बाजूला पोस्ट ते क्लॅम्प ०.१, क्लॅम्प ते बॉडी ०.१, आणि बॉडी ते इंजिन ०.४. बेरीज बरोबर अडीच. सेल्फ फिरताना एका बाजूला फार तर अर्धा व्होल्ट जावा, अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या, बाजूला त्याहूनही कमी, असा साधारण दंडक आहे. इथं एकट्या पॉझिटिव्हनं १.९ खाल्ले होते.

आधीच्या गॅरेजनं केबल तपासली नव्हती असं नाही. त्यांनी कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग जोडलेली आहे का, बघितली होती, मीटर वाजला, केबल पास झाली. पण मीटर वाजायला एक धागा पुरतो. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर शंभर-दीडशे अँपियर ओढतो. एका ओहमच्या शंभराव्या भागाचा अडथळा असला तरी १२० अँपियरला १.२ व्होल्ट खाली जातात, आणि साधा मल्टिमीटर ओहममध्ये एवढा लहान आकडा धड दाखवूच शकत नाही. हेडलाइट नऊदहा अँपियर घेतात. तेवढ्यावर हाच अडथळा ०.१ व्होल्टच खातो, दिव्यात डोळ्याला फरक दिसत नाही. ‘दिवे चांगले लागतात, म्हणजे वायरिंग ठीक, म्हणजे स्टार्टर गेला’ हा हिशेब इथंच चुकतो.

पुढं चार्जिंग. गाडी चालू करून, दिवे आणि ब्लोअर लावून बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या बोल्टवर १४.३ व्होल्ट मिळाले, बॅटरीच्या पोस्टवर १३.४. डायनामो निर्दोष. जास्त व्होल्टेज देऊन तो बॅटरी उकळवत नव्हता, हेही यातच निकालात निघालं. पण सैल क्लॅम्पमुळं बॅटरीपर्यंत कमी पोचत होतं. काकांची गाडी रोज बाग ते बाजार, पाचसात किलोमीटर. तेवढ्यात अशी बॅटरी भरत नाही. महिनोन्‌महिने अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि तिची ताकद कायमची घटते.

ही साखळी लागली की प्रकरण उलगडलं. फाकवलेला क्लॅम्प आणि मोकळी हलणारी बॅटरी. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला जड बॅटरी हलते, केबल तिला पोस्टपाशी ओढते, पोस्टचा सांधा सैल होतो. तिथून ॲसिड पाझरतं. ॲसिड जोड खातं, जोड चार्जिंग खातो, बॅटरी उपाशी मरते. मग दुकानदार नवी बॅटरी त्याच क्लॅम्पमध्ये, त्याच खिळ्यानिशी बसवतो.

केबलच्या पोटात

क्लॅम्पच्या जखमेपेक्षा मला केबलच्या १.१ व्होल्टची काळजी जास्त होती. बाहेरून ती काळी, गुळगुळीत, कुठं तडा नाही. पण क्लॅम्पपासून वीतभर अंतरापर्यंत बोटांनी दाबत गेलो तर फुगीर लागली, आणि वाकवल्यावर आतून कुरकुर आवाज आला. चांगली केबल आवाज करत नाही.

काढून कटरनं आवरण उभं चिरलं. क्लॅम्पलगतच्या तीन बोटांत तार उरलीच नव्हती, ओलसर निळी पावडर आणि तिच्यात अडकलेले तांब्याचे तुटके केस. त्याच्या पुढं चारपाच इंच धागे काळे पडलेले, नखानं वाकवला की कडकन मोडणारे. आणखी पुढं गेल्यावर रंग तपकिरी, मग हळूहळू तांबूस. बारीक धाग्यांच्या केबलमध्ये द्रव आपोआप आत ओढला जातो, दिव्याची वात तेल वर ओढते तसा. वरून कितीही गरम पाणी ओतलं आणि कितीही ब्रश मारला तरी तो या ठिकाणी पोचत नाही. टर्मिनल चकाचक करून दिलेली गाडी महिन्याभरात परत येते ती यामुळं.

काकांनी विचारलं, तेवढा तुकडा कापून पुढच्या चांगल्या तारेला क्लॅम्प लावला तर? बाजारात बोल्टनं आवळायचे क्लॅम्प मिळतात, दहा मिनिटांचं काम आहे. रस्त्यात अडकलात तर जरूर करा, घरी पोचाल. पण इथं काळी तार कापल्यावर केबल पोस्टपर्यंत पुरत नव्हती, आणि त्या बोल्टच्या क्लॅम्पमध्ये तांबं उघडं राहतं. समुद्राकाठची खारट दमट हवा आणि वर ॲसिडचे थेंब, असलं उघडं तांबं एक पावसाळाही नीट काढत नाही. पूर्ण केबल बदलायची असं ठरलं.

दुरुस्ती

गाडी बंद, किल्ली बाहेर. दहा नंबरच्या पान्यानं आधी निगेटिव्ह काढला, मग पॉझिटिव्ह. लावताना याच्या उलट. कारण एवढंच की निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. तो लागलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना कुठं पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट, आणि बॅटरीवर हायड्रोजन असतो. अशा वेळी बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर उडालेली माणसं आहेत. चष्मा आणि हातमोजे घाला, तोंडात विडी नको.

पावडर कोरडी घासायची नाही, फुंकायची तर मुळीच नाही. पांढरी पावडर शिशाची आहे, श्वासाबरोबर आत गेली तर ते विष आहे. आधी भिजवायची. तांब्याभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घातला. सेलची झाकणं घट्ट असल्याची खात्री केली, कारण सोडा आत गेला तर चांगलं ॲसिड मारतो. मग जुन्या टूथब्रशनं सोडा लावत गेलो. लावताक्षणी पांढरा फेस उसळतो : ॲसिड निकामी होताना निघणारा तो कार्बन डायऑक्साइड. फेस यायचा थांबेपर्यंत लावायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं.

नुसत्या गरम पाण्याला माझा विरोध का, तेही सांगतो. त्यानं पावडर विरघळते हे खरं, टर्मिनल स्वच्छ दिसतो. पण ॲसिड मरत नाही. ते पाण्याबरोबर खाली ट्रेमध्ये आणि तिथून चेसिसच्या पत्र्यात उतरतं. या गाडीचा ट्रे त्यामुळंच सोलवटला होता. कोला ओतणारेही आहेत. कोला स्वतःच आम्लधर्मी, वर साखरेचा चिकटा राहतो आणि त्यावर धूळ बसते. सोडा किराणा दुकानात मिळतो, तोच वापरा.

पोस्ट बॅटरीच्या गोल तारब्रशनं शिशाची चकाकी दिसेपर्यंतच घासला. जास्त घासलं की पोस्ट आणखी बारीक होतो आणि पुन्हा सैलपणाच्या गोष्टीला सुरुवात. ट्रेही सोड्यानं धुतला, पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा हात दिला.

नवी केबल २५ चौरस मिलिमीटरची, बारीक धाग्यांची, अस्सल तांब्याची. हे मुद्दाम सांगतो, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची केबलही दुकानात मिळते. कापलेल्या टोकाला आत पांढरं दिसलं की परत करायची. केबलच्या टोकांचे धातूचे लग हायड्रॉलिक प्रेसनं दाबले, आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवून हीट गननं बसवली, म्हणजे ॲसिडला आत शिरायला वाट नाही. पक्कडीनं चेपलेला लग पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, गरम-थंड होत सहा महिन्यांत ढिला पडतो. दोन्ही क्लॅम्प नवे, बारीक मापाचे. खिळा आणि पत्रा काढून टाकले. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी उघडली, दोन्ही टोकांची जागा घासून चकचकीत केली, नवा बोल्ट. बॅटरी धरणारी पट्टी आणि हूक स्क्रॅपवाल्याकडून याच मॉडेलचे मिळाले. या सगळ्यात तो सर्वांत स्वस्त भाग, आणि त्याच्याशिवाय बाकीचं काम टिकलं नसतं.

बॅटरी बाहेर काढून रात्रभर चार अँपियरनं चार्ज केली. सकाळी थोडी थांबू दिली. १२.६ व्होल्ट, सेलमध्ये १.२६०. बसवली, क्लॅम्प पोस्टच्या बुडापर्यंत खाली दाबून आवळले, हातानं जोर लावून फिरत नाहीत हे पाहिलं. त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली. क्रम महत्त्वाचा : आधी धातूला धातू, मग जेली. आत ग्रीस भरून क्लॅम्प बसवायची गरज नाही. जेलीचं काम हवा आणि ॲसिड बाहेर ठेवायचं.

फ्यूज काढूनच पुन्हा मोजलं. बॅटरीच्या पोस्टवर १०.५, स्टार्टरवर १०.०. पॉझिटिव्ह बाजूला ०.३, निगेटिव्हला ०.२. डायनामोकडे १४.३ आणि बॅटरीवर १४.२. फ्यूज लावून किल्ली फिरवली, इंजिन अर्ध्या फेरीत पेटलं. एकूण खर्च नव्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी.

एक धोक्याची सवय

बोलता बोलता काका म्हणाले, आधीच्या एकानं गाडी चालू असताना टर्मिनल काढून बघितला होता, डायनामो चालतोय का म्हणून. ही रीत जुन्या गाड्यांतून आलीय आणि अजून सुटलेली नाही. चालत्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की डायनामोचं व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, कित्येक दहा व्होल्टपर्यंत जातं. डायनामोचे डायोड किंवा इंजिनचा ईसीएम, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, त्यात जळू शकतो. सैल क्लॅम्प खड्ड्यात क्षणभर सुटला तरी तोच धोका. चार्जिंग तपासायला मीटर आहे. असं कोणी करू लागला तर त्याचा हात धरा.

नंतर

काकांना दोन कामं सांगितली होती : आठवड्यातून एकदा तासभर सलग गाडी चालवायची, आणि पावसाळ्याआधी नि नंतर बॉनेट उघडून क्लॅम्प हातानं हलवून बघायचे. पुढचा पावसाळा उलटल्यावर गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा मीटर लावला. पॉझिटिव्हला तेच ०.३. जेली उन्हाळ्यात थोडी ओघळली होती, ती पुसून पुन्हा लावली. पोस्टच्या बुडाशी पॉझिटिव्हला पांढरी रेघ उमटली होती. पूर्वी ढिला झालेला सांधा अजून थोडं पाझरतोय, सोड्यानं पुसली. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. निगेटिव्हची केबल मूळचीच आहे. तिचं टोक वाकवून पाहिलं तर नरम लागलं, आवाज नाही. ती पुढच्या वर्षी तपासायची, असं काकांच्या कार्डावर लिहून दिलंय.